अपघाताचा क्लेम अडला तर: पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय सातारकरांच्या किती कामाचं?

अपघातात मोडलेल्या गाडीच्या क्लेमचे पैसे कापले किंवा क्लेमच नाकारला, की साताऱ्यात दोन सल्ले हमखास मिळतात: वकील लावा, नाहीतर सोडून द्या. तिसरी वाट फारच थोड्यांना माहीत असते. ती म्हणजे विमा लोकपाल, विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर कोर्टाबाहेर निवाडा देणारा अधिकारी. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या कार्यालयाकडे येतात. कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. फी एक रुपयाही नाही, वकील चालत नाही. निकाल कंपनीला मानावाच लागतो. तुम्हाला पटला नाही तर पुढचा रस्ता मोकळा राहतो. 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे, म्हणजे बहुतेक सगळे खासगी गाड्यांचे क्लेम त्यात बसतात.

सेवा चांगली आहे, पण प्रत्येक भांडणासाठी नाही. बिलातून जास्त पैसे कापले, कापण्याचं कारण कागदावर चुकीचं दिसतंय, अशा प्रकरणात हिच्यासारखी सोय नाही. गाडी कोण चालवत होतं, चालक प्यायलेला होता का, अशा वादात मात्र तिची ताकद कमी पडते. तिथे साक्षीदारांची उलटतपासणी लागते आणि लोकपालांचं काम मुख्यतः कागदांवर चालतं.

म्हणून आधी कागद. लोकांची पहिली गफलत हिशोबात होते. समजा खंबाटकी घाटात पुढून ठोकर बसली. गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन 1500 सीसीच्या आतलं, साधी पॅकेज पॉलिसी (आपल्या गाडीचं नुकसानही भरणारी), झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नाही. जीएसटी बाजूला ठेवून बिल दीड लाख: पत्र्याचे भाग 60,000, प्लास्टिक आणि रबराचे 40,000, काच 12,000, मजुरी 18,000, रंगकाम 20,000. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, 25 टक्के, म्हणून 45,000 देय. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर गाडी कितीही नवी असली तरी 50 टक्के, म्हणून 20,000. काचेवर घसारा नाही, 12,000 पूर्ण. मजुरी पूर्ण. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला 25 टक्के भाग सामानाचा धरतात आणि त्या सामानावर 50 टक्के घसारा लावतात. 2,500 गेले, 17,500 राहिले. बेरीज 1,12,500. सक्तीची कपात 1,000 रुपये (1500 सीसीच्या वर 2,000). देय रक्कम 1,11,500.

आता कंपनीने 84,500 मंजूर केले असं धरा. वाद किती रुपयांचा? दीड लाखातून 84,500 वजा करून बहुतेक जण 65,500 मागतात. त्यातले 38,500 तर पॉलिसीच्या अटींप्रमाणेच कापले जातात. खरा वाद 27,000 चा आहे: बॉनेट आणि रेडिएटर सपोर्ट पॅनल या 36,000 च्या दोन भागांना सर्व्हेअरने (कंपनीने नेमलेला, नुकसान मोजणारा तपासनीस) ‘जुनं नुकसान’ म्हणून बाद केलं, त्यातून घसारा गेला की 27,000 उरतात. तक्रारीत 65,500 लिहिले की कंपनी घसाऱ्याचा तक्ता जोडून उत्तर देते, आणि खरे 27,000 त्या तक्त्याखाली दबून जातात. 27,000 च मागा आणि का मागता ते दाखवा.

हेडलाइटचा वाद घालू नका. हल्लीच्या गाड्यांचं पुढचं आवरण काचेसारखं दिसतं, पण ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक असतं. तिथे 50 टक्के कापले तर ते बरोबर आहे.

‘जुनं नुकसान’ हा शेरा कसा खोडायचा? पत्र्याच्या तुटलेल्या कडेकडे बघा. ताजी फाट चकचकीत असते आणि रंगाच्या कपच्या कडेलगत धारदार असतात. जुन्या फाटेवर गंज चढलेला असतो, रंग फुगून त्याच्या आत धूळ बसलेली असते. ही कड जवळून, दिवसाच्या उजेडात टिपा आणि मूळ फाइल जपून ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीतून तारीख-वेळ निघून जाते. घटनास्थळाचे फोटो, गॅरेजचं जॉब कार्ड आणि पॉलिसी काढताना तपासणी झाली असेल तर कंपनीनेच तेव्हा घेतलेले फोटो, हे तीन एकत्र आले की शेरा टिकणं कठीण. तोडलेले भाग पुनर्तपासणी होईपर्यंत गॅरेजमधून हलू देऊ नका. भाग भंगारात गेला की पुरावाही गेला.

सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. गॅरेजवाला जी ‘अप्रूव्हलची शीट’ दाखवतो ती रिपोर्ट नव्हे. त्यात रक्कम असते, कारण नसतं. रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं कंपनीकडून ऐकायला मिळेल. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या 2009 च्या निकालात सांगितलं आहे की सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे. मात्र तो खोडायला तितकाच ठोस कागद लागतो, नुसती नाराजी पुरत नाही.

गाडी ताब्यात घेताना गॅरेजमध्ये एक कागद पुढे येतो: ‘पूर्ण व अंतिम समाधान’. किल्लीच्या घाईत लोक सही ठोकतात. फरकाची रक्कम भरा, गाडी घ्या, पण सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘कपात अमान्य, हक्क राखून सही’. आणि फोटो काढा. सही आधीच झाली असेल तरी सगळं संपत नाही. अशा सहीचा वापर ग्राहकाचा हक्क मारण्यासाठी करू नये, असं विमा नियामकाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, IRDAI) 2015 मध्ये कंपन्यांना कळवलेलं आहे.

आता क्रम. नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय घ्यायचा. निर्णय पटला नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचा ईमेल पॉलिसीच्या कागदांत दिलेला असतो. कॉल सेंटरला कितीही फोन केले तरी ती या अर्थाने तक्रार धरली जाईल, यावर विसंबू नका. लेखी तक्रार आणि तिची पोच हवी. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर नोंद केली तर उत्तम, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कंपनीचं घोंगडं भिजत पडत नाही. पण हे पोर्टल तक्रार कंपनीकडे पाठवतं आणि पाठपुरावा करतं, निवाडा करत नाही. तिथे ‘निकाली’ असा शेरा दिसला म्हणून थांबू नका.

कंपनीने नकार दिला, उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, की लोकपालांचं दार उघडतं. तिथून एक वर्षाची मुदत आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. पॉलिसी, नाकारल्याचं पत्र, सर्व्हे रिपोर्ट, बिलं, तुमची तक्रार आणि पोच, असा गठ्ठा लागतो. वर एका पानावर तारखांचा क्रम आणि वर दिला तसा हिशोब ठेवा. तक्रारीच्या फॉर्ममध्ये मागणीची रक्कम लिहावी लागते. हेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळे साताऱ्याहून पुण्याला हेलपाटा घालावा लागेलच असं नाही. सांगलीकरांना तर याचा फारच फायदा.

सुनावणीत कंपनी कधीकधी नवं कारण काढते. नाकारल्याच्या पत्रात एक, तिथे दुसरंच. हे ताबडतोब नोंदवून घ्या. पत्रात न दिलेलं कारण मागाहून पुढे करता येत नाही, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे.

कुठे हात टेकावे लागतात तेही सांगायला हवं. रेडिएटर फुटला असताना घाट उतरून ‘वाईपर्यंत नेऊ’ म्हणत गाडी चालवली आणि इंजिन जाम झालं, तर इंजिनाचा खर्च बहुधा मिळत नाही. दुरुस्तीआधी गाडी चालवून वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी, अशी पॉलिसीतच अट आहे. टेंपरेचरचा काटा वर गेला की गाडी तिथेच उभी करा. क्रेनचे पैसे साध्या पॉलिसीत जास्तीत जास्त 1,500 रुपये मिळतात. पसरणी किंवा खंबाटकीतून ओढून आणायला ते पुरत नाहीत, पण इंजिनापुढे ही रक्कम काहीच नाही.

दुसरी जागा पांढऱ्या पाटीच्या गाड्यांची. हंगामात महाबळेश्वर-पाचगणीची भाडी मारताना अपघात झाला की कंपनी क्लेम पूर्ण नाकारते. इथे अटीचा भंग झालेलाच असतो. तरी 2010 च्या अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा गाडीचा क्लेम पूर्ण नाकारता येत नाही. तो ‘नॉन-स्टँडर्ड’ (अट मोडली तरी काही भाग कापून देण्याजोगा) धरून 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. शंभर टक्क्यांसाठी अडून बसण्यापेक्षा या हिशोबाने 75 टक्के मागणं शहाणपणाचं.

समोरच्या जखमीच्या भरपाईचा वाद लोकपालांकडे जात नाही. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा विषय. मनस्तापाची भरपाई, धडा शिकवणारा दंड हेही इथे मागू नका. प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपलीकडे लोकपाल जात नाहीत. या सेवेची ही मोठी उणीव आहे: वर्षभर छळणाऱ्या कंपनीला शेवटी मूळ देणं आणि फार तर त्यावरचं व्याज, एवढंच द्यावं लागतं.

दोन्ही बाजू तयार असतील तर लोकपाल आधी तडजोड सुचवतात. 27,000 च्या वादात 22,000 लगेच मिळत असतील तर घ्यावेत, असं आमचं मत. फक्त ते स्वीकारले की विषय कायमचा मिटतो. तडजोड झाली नाही तर सगळे कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित आहे आणि कंपनीने तो 30 दिवसांत पाळायचा असतो.

निवाडा विरुद्ध गेला तर साताऱ्यातच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेला मोबदला, म्हणजे इथे विम्याचा हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तिथे मनस्तापाचीही भरपाई मागता येते. मुदत दोन वर्षांची. लोकपालांकडे प्रकरण असताना ही मुदत आपोआप थांबते असं धरून चालू नका. नकाराच्या पत्राची तारीख गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.