नऊ महिन्यांनंतर: कोड ७५ चे रूळ आणि घाटातली खडी

जुलैत घरच्या मॉडेल रेल्वेचे रूळ टाकले, आता एप्रिल लागला. आठ बाय दोन फुटांच्या प्लायवर कर्जतजवळच्या पळसदरीच्या वळणाचं एक लहान स्टेशन आहे, एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास गाडी फिरते, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

रूळ पेकोचे, कोड ७५, काँक्रीट स्लीपरवाले, ९१४ मिमीचे फ्लेक्झी, म्हणजे हवे तसे वाकणारे तुकडे. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. दुकानदाराचा आग्रह कोड १०० चा, दणकट असतो म्हणून. घरी येऊन हिशेब मांडला. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, गुणिले ८७ केलं की २२१ मिमी. आपल्याकडचा ६० किलोचा (मीटरला ६० किलो वजनाचा) रूळ १७२ मिमी उंच. कोड ७५ चं उत्तर १६६ येतं. मग विचारायलाच नको. एकच झालं, लहानपणापासून जपलेले डबे यावर खडखडतात. जुन्या चाकांची कड खोल, ती रूळ धरून ठेवणाऱ्या बारीक कड्यांवर आपटते. नवे डबे मुकाट जातात.

दोन रुळांमधल्या रुंदीबद्दल, म्हणजे गेजबद्दल, मात्र मनाची समजूत घालावी लागते. एचओचे १६.५ मिमी म्हणजे परदेशातला १४३५ मिमीचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६, त्याला १९.३ मिमी हवेत. हा फरक गाडी समोरून येताना दिसतो, बाजूने नाही. म्हणून बोर्ड भिंतीला लावून टाकला आणि पाहुण्यांना बाजूलाच उभं करतो.

आता खडी. पाकिटातली विकत घेतली होती, अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याची. पाण्याचा थेंब पडला की तरंगायला लागते. खऱ्या रेल्वेची खडी २० ते ६५ मिमी, म्हणजे आपल्याला पाव ते पाऊण मिमीचा दाणा पाहिजे. त्यापेक्षा जाड दाणा पडला की रूळ धोंड्यांत ठेवल्यासारखे दिसतात. शेवटी बांधकामावरून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणली, आपला काळा बेसाल्टच. रव्याच्या चाळणीतून खाली पडलेला पण मैद्याच्या चाळणीवर उरलेला माल धुऊन गच्चीत वाळवला. आईने दोन्ही चाळण्या स्वयंपाकघरातून कायमच्या बाद केल्या.

रंग हुबेहूब. घाटात दिसते तीच खडी, कारण दगडच तो.

पण इथेच फसलो. तिसऱ्या महिन्यात इंजिन गुरगुरायला लागलं. खालचं झाकण उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी दाढी आलेली. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, हे शाळेत शिकलो होतो, पण खडी चाळताना आठवलं नाही. उरलेल्या खडीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवला, तर बारीक पूड उभी राहून चिकटली. पिशवी उलटी करून ती झटकायची आणि पुन्हा फिरवायचं, असं सात-आठ वेळा केलं. जी खडी आधीच चिकटवून झाली होती, तिच्यावर व्हॅक्युमच्या तोंडाला जुना मोजा बांधून फिरवलं आणि गोंदाचा दुसरा हात दिला. त्यानंतर आवाज नाही. तरी महिन्यातून एकदा झाकण उघडून बघतो, भीती मोडलेली नाही.

चिकटवण्याची रीत सगळ्यांना माहीत असते आणि बिघडतेही सगळ्यांचीच. चमच्याने खडी पसरायची, कोरड्या ब्रशने सपाट करायची आणि स्लीपरच्या डोक्यावरचे दाणे बोटाने टकटक करून खाली पाडायचे. मग भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं. साबण विसरलात तर गोंदाचा थेंब पाऱ्यासारखा गोल बसून राहतो आणि उठताना खड्डा करतो. फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग, ड्रॉपरने. उन्हाळ्यात एका रात्रीत वाळतं. जुलैत मला तीन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशीही बोटाला ओल लागत होती.

रूळ आधी गंजाच्या रंगात रंगवून घ्या, डोकं लगेच पुसा. खडी टाकल्यावर रंगवणं म्हणजे निव्वळ छळ.

सांध्याजवळ, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, मी घाई केली. गोंद हलती पाती जोडणाऱ्या आडव्या पट्टीखाली झिरपला, सकाळी सांधा ठप्प. कोमट पाण्याचे बोळे दीड तास ठेवून सुईने सोडवला. आता हलत्या पात्यांखाली खडी टाकतच नाही, नुसता करडा रंग. आणि गोंद लावण्याआधी पट्टीखाली तेलाचा एक थेंब.

अजून एक तक्रार, माझीच माझ्याबद्दल. रुळांखाली कॉर्क घालून जी शांतता मिळवली होती, ती कडक वाळलेल्या फेव्हिकॉलने घालवली. गाडी प्लायवर धडधडते. भाचा म्हणतो, खऱ्या गाडीसारखी वाटते. असू दे. उरलेल्या दोन सायडिंगना (बाजूच्या रुळांना) लवचीक वाळणारा लॅटेक्सचा गोंद वापरून बघणार आहे, पण तो पावसाआधी; नाहीतर पुन्हा तीन दिवस बोट लावत बसावं लागेल.