गावातल्या कॉम्प्युटरला यूपीएस की इन्व्हर्टर? आणि नेट कोणतं?

या दोन्हींच्या आधी अर्थिंग बघा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुतेक अर्थिंगच नाही. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि हिवाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात कामाचं राहत नाही. खड्ड्यात पाणी टाकत जा, पावसाळ्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. कोणी बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या तारेला) जोडून देत असेल तर बिलकुल करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की करंट थेट कॅबिनेटमध्ये येतो.

इन्व्हर्टर बऱ्याच घरी असतोच आणि दोन-तीन तास सहज काढतो. मात्र तो साइन वेव्हचा (लाईनसारखीच वीज देणारा) हवा आणि यूपीएस मोडवर, म्हणजे झटकन बॅटरीवर जाणाऱ्या सेटिंगवर, ठेवलेला हवा, नाहीतर लाईन जाताच कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. खरी अडचण वेगळीच आहे. शेतातले पंप सुरू झाले की 230 चं व्होल्टेज पार खाली येतं. साधारण 180 च्या खाली गेलं की या मोडमधला इन्व्हर्टर लाईन सोडतो, म्हणजे लाईट असूनही बॅटरी उतरत राहते. 600 व्हीए क्षमतेचा साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज स्वतः सावरणारा) यूपीएस हेच कमी व्होल्टेज बॅटरी न वापरता वर उचलतो. बॅकअप दहा-पंधरा मिनिटांचा, फाईल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. बॅटरीही दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. तरी एकच घ्यायचं असेल तर मी यूपीएसच घ्यायला सांगेन. नुसता स्टॅबिलायझर नको, लाईन गेली की तो काहीच करत नाही.

नेटसाठी गावात फायबर आलं असेल तर तेच घ्या. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. केबलसोबत आधाराची पोलादी तार असेल, तर ती घराबाहेरच संपवायला सांगा. राउटर यूपीएसवर लावा आणि त्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

फायबरऐवजी छतावरच्या अँटेनाने नेट घेत असाल, तर तिची मला जास्त काळजी वाटते. तिची तांब्याची लॅन केबल जवळ पडलेल्या विजेचा झटका सरळ मदरबोर्डापर्यंत आणू शकते, तिथे यूपीएस काही करू शकत नाही. दुसरा पर्यायच नसेल तर केबल राउटरपर्यंतच ठेवा, कॉम्प्युटर वाय-फायवर चालवा. मोबाइल हॉटस्पॉटला हा धोका नाही, पण लाईन बराच वेळ गेली की टॉवरही बंद पडू शकतो.

जूनमध्ये गडगडाट सुरू व्हायच्या आधीच यूपीएसचा प्लग बोर्डातून काढा, लॅन केबलही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.