गणवेश आणि धार्मिक पेहराव: बंदी, ठरलेली जागा की अर्जावर सूट?

गणवेशाची नियमावली नव्याने लिहायला बसलेल्या शाळा समितीपुढे तीन वाटा असतात: धार्मिक पेहरावाला सरसकट बंदी, गणवेशातच त्याला ठरलेली जागा, किंवा नियम कायम ठेवून अर्जावर सूट. तिन्ही वाटांवरून कोणी ना कोणी आधीच चालून गेलेलं आहे.

बंदी म्हटली की फ्रान्सचं नाव निघतं. २००४च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांत ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं बंद झाली. हिजाब, पगडी, ज्यूंची टोपी, मोठा क्रॉस. गळ्यातला छोटा क्रॉस चालतो. २०२३मध्ये अबाया, म्हणजे मुस्लिम मुलींचा सैल पायघोळ झगा, हाही बंद झाला. नियम सोपा वाटतो, पण ‘ठळक’ कशाला म्हणायचं हा वाद रोज शाळेच्या दारात उभा राहतो. शिवाय तिथल्या बहुतेक सरकारी शाळांत गणवेशच नसतो. कायद्याचा आधार शासनाची धर्मनिरपेक्षता हा आहे. ‘सगळी मुलं सारखी दिसावीत’ म्हणून फ्रान्सचा दाखला देणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

दुसऱ्या वाटेचं उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या लूटनचं. तिथल्या एका शाळेने पालकांशी आणि मशिदींशी बोलून सलवार-कमीज हा गणवेशाचाच एक पर्याय ठरवला, शाळेच्या रंगाचा स्कार्फही चालवून घेतला. एका विद्यार्थिनीने जिलबाबचा, म्हणजे अंगभर पायघोळ झग्याचा, आग्रह धरला तेव्हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि २००६मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला. आधी केलेली चर्चा शाळेच्या कामी आली. याउलट, पगडी उतरव आणि केस काप, तरच प्रवेश, असं शीख मुलाला सांगणारी बर्मिंगहॅमची खासगी शाळा १९८३मध्ये त्याच सभागृहात हरली.

तिसरी वाट दक्षिण आफ्रिकेची. डर्बनच्या शाळेत एका तमिळ हिंदू मुलीच्या नाकातल्या चमकीवरून वाद झाला. २००७मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने सांगितलं की प्रथा सक्तीची नसली, तरी मुलीने ती मनापासून पाळलेली असली तर त्या प्रथेला संरक्षण मिळतं. सूट कशी मागायची हे नियमावलीत लिहा, असा आदेशही शाळेला दिला. कॅनडात २००६मध्ये शीख विद्यार्थ्याच्या कृपाणाला परवानगी मिळाली ती अटींसह: म्यानात, कापडात शिवून, कपड्यांच्या आत.

भारतात कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये हिजाब ही अनिवार्य धार्मिक प्रथा नाही असं ठरवून वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य मानली. न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलींचं शिक्षण सर्वांत वर ठेवलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. धर्मात काय अनिवार्य आहे याचा निवाडा शाळेने करूच नये.

म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला, जोडीला तिसरी. डोक्यावरच्या कापडाचा रंग शाळेने ठरवावा. प्रयोगशाळेत आणि मैदानावर सैल कापड खोचून घ्यायला सांगावं. कारण सुरक्षिततेचं आहे, त्यामुळे ते सगळ्यांना सारखंच लागू होतं. यात न बसणाऱ्या मागणीसाठी लेखी अर्ज घ्यावा, निर्णय कोण आणि किती दिवसांत देणार हे आधीच नोंदवावं. लूटनच्या त्या मुलीची शाळा वाद चालू असताना दीर्घकाळ बुडाली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मूल वर्गातच बसेल, ही तरतूद नियमावलीत सर्वांत आधी घाला.