विमानाच्या इंजिनाचं ‘कूलिंग टेस्टिंग’ करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा – नाशिकमधला ४६ हजारांचा अनुभव

मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पाहिलं, तेव्हापासून हे वेड डोक्यात आहे. अंबडला माझं पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच शेडच्या मागच्या अर्ध्या भागात मी आणि माझे काका दोन आसनी विमान बांधतोय. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. इंजिन जुनं लायकमिंग ओ-३२०, चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं. अजून उड्डाण नाही, परवानगी तर फार लांबची गोष्ट. आम्ही इंजिनावर काऊलिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचं झाकण, बसवण्यापर्यंत आलो होतो.

इथे काळजीचं काम असतं ते हवेचं. समोरच्या दोन तोंडांतून हवा आत येते, सिलिंडरच्या वरच्या पोकळीत दाबली जाते आणि सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून, म्हणजे फिन्समधून, खाली उतरून मागून बाहेर पडते. मध्ये पत्र्याच्या आडभिंती असतात, त्यांना बॅफल म्हणतात. बॅफल आणि काऊलिंगच्या मधल्या फटीतून हवा निसटली तर तोंडातून कितीही हवा आत येवो, फिन्सपर्यंत पोचत नाही. या इंजिनाच्या सिलिंडर हेडची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस आहे. चढाईत वेग कमी आणि इंजिन पूर्ण जोरात, त्यामुळे तापण्याचा खरा धोका तिथेच.

ओळखीच्या एका कारखानदाराकडून एकाचा नंबर मिळाला. माणूस चाळिशीतला, अतिशय अदबीने बोलणारा, प्रत्येक वाक्यात ‘सर’. पूर्वी विमानांच्या देखभालीत होतो म्हणाला. ब्लोअर आणून काऊलिंगमधली हवा मोजून देईन, शिक्क्यासह रिपोर्ट देईन, त्याचे २८ हजार. शिवाय ‘कॅलिब्रेटेड’ (अचूकता तपासलेलं) डिजिटल मॅनोमीटर, म्हणजे हवेच्या दाबातला फरक मोजणारं यंत्र, तुमच्याकडेच ठेवून जाईन, त्याचे १८ हजार. बिल हवं असेल तर वर अठरा टक्के, म्हणजे आठ हजारांच्या वर. मी बिल नको म्हणालो. पैसे यूपीआयने गेले, तेही त्याच्या नावावर नाही, ‘मिसेसच्या खात्यावर’. काका तेव्हा आठ दिवस दिंडोरीला लेकीकडे होते. त्यांची वाट बघायला हवी होती.

चाचणीचा दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. त्याने मोठा ब्लोअर काऊलिंगसमोर उभा केला, ब्लोअरच्या तोंडाशी पंख्याचं वेगमापक धरलं आणि मला ३० मीटर प्रति सेकंद दाखवलं. मग काळ्या हार्डकेसमधून ती मॅनोमीटरची डबी काढली, तिच्या दोन नळ्या वरच्या आणि खालच्या पोकळीत खुपसल्या. वरच्या नळीचं उघडं तोंड थेट वाऱ्याकडे होतं. डबी कायम त्याच्या डाव्या हातात होती. ब्लोअर वाढवला की आकडा वाढायचा, कमी केला की उतरायचा. शेवटी १४५ मिलिमीटर पाणी, म्हणजे नळीतलं पाणी तेवढं वर चढवेल इतका दाबातला फरक. ‘उत्तम आहे सर, बॅफलला हात लावायची गरज नाही.’ ते वाक्य ऐकून मला किती बरं वाटलं होतं, ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

काका परतले. त्यांनी रिपोर्ट एकदाच वाचला आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. वाहत्या हवेचा जोर म्हणजे घनतेच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यात उन्हाळा, त्यामुळे घनता घनमीटरला १.१ किलोच्याही थोडी खाली. ३० मीटरच्या वेगाला सगळा जोर येतो ४९० पास्कलच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या नळीत जेमतेम ५० मिलिमीटर. ‘अरे, वाऱ्यातच पन्नास असताना काऊलिंगमध्ये दीडशे कुठून आले? बाहेर पडणारी हवा थोडी ओढ देते असं धरलं तरी तिप्पट होत नाही.’

मी त्याच रात्री डबी उघडली. दोन्ही नळ्या आत एका बंद कप्प्यात जाऊन संपत होत्या. दाब ओळखणारा सेन्सरच नव्हता. मागच्या बाजूला, बरोबर डाव्या अंगठ्याखाली येईल अशी, आकडा कमी-जास्त करायची बारीक चक्री होती. नळ्या काढून ठेवल्या तरी पडद्यावर आकडा तसाच राहायचा.

मग सर्टिफिकेट पाहिलं. त्यावर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का होता आणि यूएलआर, म्हणजे प्रत्येक रिपोर्टचा वेगळा क्रमांकही. पण क्रमांकाची सुरुवात ‘टीसी’ने होती. ती चाचणी प्रयोगशाळांची खूण आहे, कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटवर ‘सीसी’ असतं. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळा शोधून तिची व्याप्ती वाचता येते. आम्ही तो क्रमांक तिथे शोधला तर ती प्रयोगशाळा भलत्याच कामाची निघाली. दाबाच्या उपकरणांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. त्या बिचाऱ्यांना त्यांचा क्रमांक असा वापरला जातोय हे माहीतही नव्हतं. मी फोन करून सांगितलं.

खरी मोजणी आम्ही पुढच्या रविवारी केली, तीही अगदी कमी खर्चात. गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी फळीवर इंग्रजी यू सारखी ठोकली, जिलबीचा रंग घातलेलं पाणी भरलं, शेजारी मिलिमीटरची पट्टी. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची बारीक नळी आणली. तिचं टोक चेपून बंद केलं आणि बाजूला अगदी बारीक भोकं पाडली. अशाने वारा थेट नळीत घुसत नाही, पोकळीतला स्थिर दाबच मोजला जातो. एक नळी फिन्सच्या वर, दुसरी खाली. आधी ब्लोअर बंद ठेवून दोन्ही बाजू समान आहेत हे पाहिलं. मग त्याच वेगाला ब्लोअर चालवला. फरक आला २१ मिलिमीटर. वाऱ्यातल्या पन्नासांपैकी निम्मासुद्धा फिन्सच्या वाट्याला येत नव्हता.

रात्री शेडचे दिवे बंद करून आम्ही काऊलिंगखाली बल्ब लावला. मागच्या बॅफलवरून उजेडाची लांब रेघ दिसली. तिथली रबराची पट्टी उलटी वळली होती. ती दाबाच्या बाजूला वळलेली असावी, म्हणजे दाब वाढला की ती आपोआप काऊलिंगला चिकटते. आमची मागे वळलेली होती, त्यामुळे दाब तिला ढकलून उघडत होता. पट्ट्या बदलल्या, कोपरे सिलिकॉनने भरले, पुन्हा मोजलं. ३४ मिलिमीटर. त्या गोड माणसाच्या शब्दावर आम्ही बॅफलला हात लावला नसता, तर ही फट पहिल्या चढाईपर्यंत तशीच राहिली असती. ४६ हजारांपेक्षा मला त्याचाच राग जास्त आहे.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर बोललो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि वकील नसला तरी चालतो, हे तिथे कळलं. बिल नसल्यामुळे माझ्याकडे यूपीआयची नोंद, चॅट आणि ती डबी एवढाच पुरावा आहे. डबी मी सीलबंद करून ठेवली आहे.

हे आज लिहितोय कारण परवा सिन्नरच्या एका ओळखीच्याचा फोन आला. तो आपल्या ड्रायरच्या डक्टमधली हवा मोजून घेणार होता. कुणी काळ्या हार्डकेसवाला, अतिशय अदबीने बोलणारा माणूस, नवा नंबर, तेच ‘मिसेसचं खातं’. ॲडव्हान्स गेला नव्हता. मी त्याला सांगितलं की डबी त्या माणसाच्या हातातून काढून टेबलावर ठेवायला लाव, दोन्ही नळ्या उपटायला लाव आणि आकडा शून्यावर येतो का ते बघ. त्याने तसं फोनवर विचारलं. समोरून ‘नंतर बोलतो सर’ एवढंच आलं आणि फोन कट झाला.