जर्मनीत दारावर विजेचा करार करताय? इंग्रजी कागद बघून सही करू नका

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे मुद्दाम लिहितेय. ज्या पद्धतीने आम्हाला फसवलं, ती आमच्या भागात अजून सर्रास चालू आहे. परवाच ओळखीच्या एका विद्यार्थिनीच्या दारावर तसाच माणूस येऊन गेला.

आम्ही स्टुटगार्टजवळ भाड्याच्या घरात राहतो. एका संध्याकाळी पंचविशीतला एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. बेलवरचं आडनाव वाचून थेट हिंदीत सुरू झाला. शिक्षण पुण्यात झालं म्हणाला, कोथरूडच्या मेसच्या आठवणी काढल्या. 'भाभी, बिल्डिंग में सबका टैरिफ अपडेट हो रहा है, बस मीटर का फोटो चाहिए.' बोलण्याचा सगळा थाट शहराच्या वीज कंपनीचा माणूस असल्याचा. प्रत्यक्षात तो तिसऱ्याच कंपनीसाठी कमिशनवर ग्राहक गोळा करत होता. नवरा त्याला तळघरात मीटरपाशी घेऊन गेला. मीटरचा नंबर, नाव आणि पत्ता एवढं हाती लागलं की ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे वळवायची निम्मी तयारी होते.

वर आल्यावर त्याने एक छापील इंग्रजी कागद पुढे केला. दरमहा ठरलेली किंमत ६५ युरो, २४ महिने भाववाढ नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर ठळक अक्षरांत होता. खरा करार जर्मनमध्ये होता आणि तो टॅबवर भराभर वर सरकवला गेला. सही त्याच्याखाली झाली.

करारात ६५ युरोंसमोर शब्द होता 'आबश्लाग', म्हणजे वर्षाच्या अंदाजे बिलापोटी दरमहा भरायचा आगाऊ हप्ता. ती किंमत नव्हे. विजेची किंमत दोन आकड्यांत असते, 'ग्रुंडप्राइस' आणि 'आर्बाइट्सप्राइस'. महावितरणच्या बिलात स्थिर आकार आणि वीज आकार असतात ना, तेच हे दोन. त्या इंग्रजी कागदावर या दोन्हींचा पत्ता नव्हता.

आता हिशोब बघा. जुन्या कंपनीचा दर युनिटला ३१ सेंट आणि ग्रुंडप्राइस महिन्याला १२ युरो. नवीन दर ४६ सेंट आणि १५ युरो. आमचा वर्षाचा वापर साधारण २,५०० युनिट, म्हणजे जुन्या दराने ९१९ युरो आणि नव्या दराने १,३३०. हप्ता मात्र ७७ वरून ६५ वर आला, त्यामुळे वर्षभर वाटत राहिलं की बचत होतेय. बारा हप्त्यांत ७८० युरो गेले आणि वार्षिक हिशोबात ५५० युरोंची 'नाखत्साहलुंग', म्हणजे फरकाची रक्कम, समोर आली. हप्ता मुद्दामच कमी लावला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भाववाढ न होण्याचंही तसंच. करारातला शब्द होता 'आइनगेश्रेंक्टे प्राइसगारंटी', मर्यादित हमी. कर, अधिभार आणि नेटवर्कचं शुल्क त्यातून वगळलेलं. त्याच सहीत जुन्या कंपनीचा करार मोडायचा अधिकारही, 'फोलमाख्ट', त्यांना मिळाला होता.

दारावर, फोनवर किंवा नेटवर केलेला करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. हा 'विडररुफ'चा हक्क. त्याची नीट माहितीच दिली नसेल तर मुदत १२ महिने १४ दिवसांपर्यंत लांबते. आमच्या अर्जात त्या मुलाने ई-मेलचा पत्ता एका अक्षराने चुकीचा टाकला होता, त्यामुळे कराराची प्रत आलीच नाही. पोस्टाने आलं ते नुसतं स्वागताचं पत्र, त्यात हप्ता आणि तारीख. वार्षिक बिल हातात पडेपर्यंत लांबलेली मुदतही उलटून गेली होती.

कंपनीचं उत्तर सरळ होतं: इंग्रजी कागद आमचा नाही, जर्मन मजकूरच बंधनकारक. तो कागद आम्ही जपून ठेवला होता, त्यावर त्या मुलाच्या अक्षरात ग्राहक क्रमांकही होता, हे फार बरं झालं. 'फरब्राउखरत्सेंट्राले' या ग्राहक सल्ला केंद्राने लेखी तक्रार लिहून दिली. कंपनीला उत्तरासाठी चार आठवडे असतात. त्यानंतरही तोडगा निघाला नाही तर बर्लिनच्या 'श्लिख्टुंग्सश्टेले एनर्गी'कडे, म्हणजे वीज-गॅसचे तंटे मिटवणाऱ्या संस्थेकडे जाता येतं, ग्राहकाला खर्च पडत नाही. त्यांची शिफारस कंपनीवर बंधनकारक नसते, तरी आमच्या प्रकरणात कंपनी तडजोडीला आली. निम्मी रक्कम सोडली आणि मुदतीआधी करारातून मोकळं केलं. उरलेले २७५ युरो आम्ही भरले.

नव्याने आलेल्यांना ही माणसं आणखी एक भीती घालतात, की करार केला नाही तर वीज तोडतील. हे साफ खोटं आहे. घरात राहायला गेलात आणि वीज वापरायला लागलात की तुम्ही आपोआप 'ग्रुंडफरझोर्गुंग'मध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या ठरलेल्या कंपनीच्या मूळ वीजपुरवठ्यात येता. दर बहुधा महाग असतो, पण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कधीही बाहेर पडता येतं. तेवढ्या काळात शांतपणे दर ताडून बघा. आणि फोनवर नुसतं 'हो' म्हटल्याने २०२१ पासून असा करार होत नाही, लेखी संमती लागते. म्हणूनच बोलता बोलता एसएमएसवर लिंक पाठवून 'कन्फर्म करा' म्हणतात. ती लिंक दाबू नका.

सही होऊन गेली असेल तर आजच विडररुफ पाठवा, आणि तो एजंटला नाही, थेट कंपनीच्या पत्त्यावर. ई-मेल आणि 'आइनश्राइबन', म्हणजे रजिस्टर पोस्ट, दोन्हीने पाठवा, पावती ठेवा. जुन्या कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा की करार मोडायला तुमची संमती नाही.