वेल्ड नेकचे पैसे, प्लेटचा फ्लँज

कुपवाड एमआयडीसीत बनवून घेतलेल्या वाफेच्या एका व्हेसलमध्ये (दाब सोसणाऱ्या टाकीत) झालेली ही फसवणूक. ड्रॉइंगवर ४ इंची नॉझलला (टाकीच्या पाइप जोडायच्या तोंडाला) १५० क्लास या दाब-श्रेणीचा, ए१०५ पोलाद ठोकून घडवलेला (फोर्जिंगचा) वेल्ड नेक फ्लँज, म्हणजे पाइपला टोकाला टोक वेल्ड होणारी मान असलेली बोल्टची चकती. दरही त्याचाच लावलेला. आलं काय, तर प्लेटमधून कापलेली रिंग, तिच्या पाठीला पाइपचा तुकडा वेल्ड केलेला, जोड लेथवर गुळगुळीत करून वर प्रायमर. सोबत ए१०५ ची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) होतीच.

१३ किलो दाबाच्या हायड्रो टेस्टला (पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीत) बोल्टच्या भोकांतून पाणी पाझरलं. गॅस्केट गळतंय असं समजून बोल्ट आवळले, गॅस्केटही बदललं. पण पाणी येत होतं प्लेटच्या जाडीतल्या लॅमिनेशनमधून, म्हणजे सुटलेल्या पदरांमधून. लाटलेल्या प्लेटचे पदर पृष्ठभागाला समांतर असतात आणि मानेवरचा ओढा नेमका ते पदर उकलायला बघतो. नॉझल कापून काढावं लागलं.

प्रायमर लागायच्या आधीच माल बघायला जा. फ्लँजच्या कडेवर बनवणाऱ्याचा शिक्का, साइज, क्लास, बी१६.५ (फ्लँजच्या मापांचं मानक), ए१०५ आणि हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) पंच केलेला हवा. तोच हीट नंबर टीसीवर जुळवा. नुसती टीसी म्हणजे झेरॉक्सचा कागद. मानेवर पॉलिश करून नायटल (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल) लावलं की लपवलेला वेल्ड रेषेसारखा उमटतो. हार्डनेस १३७ ब्रिनेलच्या खाली आला तर माल परत पाठवा: ए१०५ ची ताकद किमान ४८५ एमपीए, साध्या आयएस २०६२ ई२५० प्लेटची ४१०. धातूतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातातल्या एक्सआरएफ गनवर विसंबू नका, तिला कार्बन दिसतच नाही.

वेल्ड नेकच्या जागी स्लिप-ऑन (पाइपवर सरकवून आत-बाहेर वेल्ड करायचा फ्लँज) बसवणं हा फसवणुकीचा दुसरा प्रकार. या साइजला वेल्ड नेकची उंची साधारण ७६ मिमी, स्लिप-ऑनची ३३. टेप लावली की कळतं. थंड पाण्याच्या ड्रेनला स्लिप-ऑन खुशाल घ्या, पण त्याच्याच दराने. वाफेला, जिथे तापणं-निवणं रोजचं, तिथे नको. त्याच्या फिलेट वेल्डची (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डची) बट जोडासारखी (टोकाला टोक जोडासारखी) रेडिओग्राफीही होत नाही. घेतलाच तर नॉझलमध्ये हात घालून आतला वेल्ड चाचपा. बरेचदा तो मारलेलाच नसतो.

ऑर्डरमध्ये पाइपचं शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा क्रमांक) लिहाच. न लिहिल्यास सहसा शेड्यूल ४० च्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) फ्लँज येतो, आणि शेड्यूल ८० च्या पाइपशी आत अडीच मिमीची पायरी पडते.