मेट्रोचा विस्तार: खांबांवरून की जमिनीखालून?

पुणे मेट्रोच्या एकाच मार्गिकेला दोन टोकांना दोन तऱ्हेचे विस्तार मंजूर झाले. उत्तरेला पिंपरी-चिंचवड महापालिका ते निगडीचा भक्ती-शक्ती चौक: सुमारे साडेचार किलोमीटर, चार स्थानके, सगळे उन्नत, म्हणजे खांबांवरून. ऑक्टोबर २०२३ मधला मंजूर खर्च सुमारे ९१० कोटी. दक्षिणेला स्वारगेट ते कात्रज: ५.४६ किलोमीटर, तीन स्थानके, सगळे भुयारी. ऑगस्ट २०२४ मधला मंजूर खर्च २,९५४.५३ कोटी. म्हणजे किलोमीटरमागे एकीकडे साधारण २०० कोटी, दुसरीकडे ५४० कोटी.

आपल्या भागासाठी काय मागावे हे ठरवणाऱ्या नगरसेवकाने किंवा नागरिक मंचाने या आकड्यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी: सध्याची मार्गिका कुठल्या पातळीवर संपते? समजा रूळ जमिनीखाली १५ मीटरवर आहेत आणि पुढे ते १० मीटर उंचीच्या खांबांवर न्यायचे आहेत. तीन टक्के चढ धरला तर त्यासाठी ८०० मीटरहून जास्त लांबी लागते. त्यातला जमिनीलगतचा तुकडा दोन्ही बाजूंनी भिंतींनी बंद असतो. तिथे चौक नको, पादचारी ओलांडणी नको, गल्लीचे तोंड नको. भर वस्तीत अशी जागा मिळत नाही. स्वारगेट स्थानक जमिनीखाली आहे आणि पुढे सातारा रस्त्यावर बीआरटी (बसची राखीव मार्गिका), धनकवडीचा उड्डाणपूल आणि कात्रजकडे चढत जाणारी जमीन आहे. तिथे भुयारी पर्याय पटण्यासारखा आहे. निगडीच्या बाजूला मार्गिका आधीच खांबांवर आहे आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग ऐसपैस आहे. तिथे भुयाराचा आग्रह धरला असता तर तेवढ्याच पैशांत अंतर निम्म्याहूनही कमी झाले असते.

उन्नत कामात खांब दुभाजकात मावतो, पण काम चालू असताना बॅरिकेडिंग आठ-नऊ मीटर रुंदी खाते. दोन्ही बाजूंना वाहनांसाठी किमान दोन-दोन मार्गिका उरणार नसतील तर कोंडी अटळ आहे. सर्वात जास्त वेळ जातो तो खांबांच्या पायाभरणीत. नकाशावर नसलेली जलवाहिनी किंवा उच्चदाब केबल पाइलच्या (पायासाठी जमिनीत खोल उतरवायच्या काँक्रीट स्तंभाच्या) जागी निघते, मग खांब सरकवावा लागतो, दोन खांबांमधल्या गाळ्याची लांबी बदलते, कधी रस्त्यावर दोन पायांची पोर्टल चौकट उभारावी लागते आणि नवे आरेखन मंजूर होईपर्यंत गर्डर बसवणारे यंत्र उभे राहते. प्रत्येक खांबाच्या जागी आधी हाताने चाचणी खड्डा घेणे, हाच त्यावर उपाय. वाटेत उड्डाणपूल असेल तर मार्गिका त्याच्यावरून जाते, स्थानकही तेवढेच वर जाते आणि वृद्धांना रोज लिफ्टवरच अवलंबून राहावे लागते.

भुयारी काम रस्त्यावरून दिसत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. दोन स्थानकांमधला बोगदा टीबीएम हे बोगदा खोदणारे यंत्र खोदते, पण स्थानक बहुधा वरून उघडे खोदूनच बांधतात आणि तो खड्डा काही वर्षे राहतो. पुण्याचा बेसाल्ट कठीण असला तरी सलग नाही. दोन थरांमधला मऊ लाल थर पाण्याने फुगतो, भेगांतून पाणी येते, आणि समोर अर्धा कठीण, अर्धा मऊ खडक आला की यंत्राचे कटर वेडेवाकडे झिजतात. म्हणून खडक तपासण्यासाठी आधी बोअर घेताना त्यात काटकसर नको. बोगद्यावरच्या इमारतींच्या भेगांची छायाचित्रांसह नोंद काम सुरू होण्याआधी करून घ्यावी. नंतर भरपाईचा वाद त्याच कागदावर सुटतो. पुढे वायुवीजन, पंप, वातानुकूलन यांचे वीजबिलही कायमचे मागे लागते.

स्थानकांची यादी मात्र प्रस्ताव जाण्याआधीच पक्की करा, भुयारीत तर नक्कीच. कात्रज मार्गावर बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानके मंजुरीनंतर वाढली, कात्रज स्थानक दक्षिणेला सरकले, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाला सुमारे ६८३ कोटींची वाढीव तरतूद मंजूर करावी लागली.

दोन्ही पर्यायांत सारखाच राहणारा अडथळा म्हणजे चालू मार्गिकेशी जोडणी. रूळ, ओव्हरहेड वीज आणि सिग्नल यंत्रणा जोडायला गाड्या बंद झाल्यावरचे रात्रीचे चार-पाच तासच मिळतात. सिग्नल प्रणाली जुन्या मार्गिकेशी जुळणारी नसेल तर चाचण्या लांबतात, आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीला जाता येत नाही. वाढीव गाड्या डेपोत कुठे उभ्या राहणार, हेही प्रकल्प अहवालात लिहून घ्या.